आधी ओढणी वाळवा, मग डीएनए

संपादक महाशय,

कालच्या अंकातली लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातली 'डीएनए ९९.९९ टक्के जुळला' ही बातमी वाचली. त्यापेक्षा सोबतचा फोटो जास्त बोलका आहे. जप्त केलेली ओढणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला आतून घाम फुटलेला! आरोपीच्या वकिलाने हे कात्रण जपून ठेवलं असेल.

ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंडला की जिवाणू आणि बुरशी डागावर ताव मारतात, डीएनएचे तुकडे पडतात. सांगलीच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. कपडा सावलीत, कोऱ्या कागदावर पसरून पूर्ण वाळवायचा. ऊन नको, हीटर नको. घडी घालताना मध्ये कागद, म्हणजे एका जागचा डाग दुसरीकडे उमटत नाही. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात, प्रत्येक वेळी नवे हातमोजे. पीडितेची ओढणी आणि आरोपीची पँट एकाच गठ्ठ्यात बांधली, तर कुणाचं कुणाला कधी लागलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आरोपीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) नळीत, बर्फाच्या डब्यातून पाठवायचं. ते गोठवायचं मात्र नाही.

एवढं करूनही मुद्देमाल ठाण्याच्या कपाटात पडून राहिला तर सगळं पाण्यात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, कुणी कुणाच्या हाती दिले याची नोंद ठेवा, असं बजावलं. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला आरोपी सुटला. पाकिटावरची लाखेची मोहोर शाबूत होती का, एवढं तरी आपल्या वार्ताहराने विचारायचं!

आणि ते ९९.९९ टक्के? ही पितृत्व चाचणीची भाषा. डागाच्या अहवालात असा प्रोफाइल, म्हणजे डीएनएचा ठसा, लोकांत किती दुर्मीळ, हे सांगतात. डाग कुणाचा ते कळतं. कधी पडला, कसा पडला, हे नाही. एकाच डागात दोघांचं मिसळलं असेल तर वाचन आणखी अवघड.

जाता जाता. पीडितेचं नाव छापलं नाहीत, उपकार झाले. पण गाव, गल्ली आणि वडिलांचा धंदा छापल्यावर उरलं काय? पीडितेची ओळख उघड करायला मनाई करणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ नुसत्या नावापुरतं नाही. आज सकाळपर्यंत ती बातमी तुमच्या वेबसाइटवर गल्लीसकट होती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली