ई-कचरा वेगळा जमा करण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, बंद पडलेले मोबाइल, चार्जर, संगणक, ट्यूबलाइट इत्यादी वस्तू महापालिकेच्या कचरागाडीत टाकू नयेत किंवा भंगारवाल्यास देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जाणे आवश्यक आहे. भंगारात तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेतील शिसे मातीत मिसळते.

येत्या रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत हा कचरा पार्किंगमध्ये स्वीकारला जाईल. कूलरचे जळालेले पंपही आणावेत. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या मात्र ई-कचऱ्यात मोडत नाहीत, हे सांगावे लागते.

मोबाइल देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढून, खात्यातून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करावे. ज्या मोबाइलचे मागचे झाकण बॅटरी फुगल्याने उचलले गेले आहे, तो चार्ज करू नये, दाबू वा उघडू नये आणि वेगळा आणून तसे सांगावे, कारण लिथियम बॅटरी टोचली गेल्यास पेट घेते. भांडेवाडीच्या कचरा डेपोत उन्हाळ्यात आगी लागतातच, त्यात आपली भर नको.

– सचिव, व्यवस्थापन समिती, नागपूर