बातम्या बंद, राजकारण चालू

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी रागावून घ्या, मग पुढे वाचा. एक तारखेपासून आपल्याकडचे बातम्यांचे चॅनल काढायला सांगितलेत. दादाशी बोलले आहे, त्याला फोन करून उपयोग नाही. सह्याद्रीवरच्या बातम्या राहतील, पेपर आहेच. फक्त रात्री नऊची ती सहा चौकटींतली भांडणं नकोत. गोळी घेऊनही बीपीचा खालचा आकडा शंभरावर जातो. आईने सांगितलं नाही हं, तिच्या आवाजावरून मला कळतं.

राजकारण तोडलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही, तेही कळतं. म्हणून दिवाळीत घेतलेल्या टीव्हीवर त्याच्याच मालिका लावून ठेवल्यात. चर्चेतलं भांडण रोज उद्यावर जातं. इथे प्रकरण निदान कुठेतरी जाऊन टेकतं. मंत्री फसला की आपण हसायचं, टीव्हीला उत्तर द्यायचं नाही. (तुम्ही देणारच.)

सुरुवात ‘येस मिनिस्टर’ने करा. बीबीसीची, 1980 ची. फारुख शेखचं ‘जी मंत्रीजी’ आठवतंय ना, त्याचं हे मूळ. त्यातले सचिव सर हम्फ्री मंत्र्याला ‘नाही’ म्हणतच नाहीत. समिती नेमतात, लांबलचक वाक्यं बोलतात, फाइल जागची हलत नाही. एका भागात नवंकोरं इस्पितळ आहे: सुमारे 500 कर्मचारी, रुग्ण एकही नाही, आणि सगळे कामात बुडालेले! तुमचे ते ‘चर्चा करावी’ शेरावाले साहेब आठवून मी एकटीच हसत होते. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंना ही मालिका फार आवडायची, टिंगल सरकारी कारभाराची असूनही.

आई, ‘बोर्गन’ तुझ्यासाठी. डेन्मार्कमधली एका लहान पक्षाची बाई पंतप्रधान होते. संसद 179 जणांची, बहुमताला 90, म्हणजे सतत कुणाची तरी मनधरणी. ही बेरीज बाबांना आवडेल. तू तिचं घर बघ. नवऱ्याला चांगली नोकरी लागते आणि बायकोच्या पदापायी सोडावी लागते. तू हळहळशील, बाबा म्हणतील, हितसंबंध आले, सोडायलाच हवी. त्यावरून खुशाल भांडा. डॅनिश आहे, पण खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती मोठी करून ठेवलीत. बाबांनी वाचून तुला मराठीत सांगायचं.

पूर्वी निकालाच्या रात्री दूरदर्शनवर मध्येमध्ये सिनेमा लागायचा. तू सिनेमासाठी जागायचीस, बाबा आकड्यांसाठी, आणि मी तुमच्या दोघांच्या मध्ये गोधडीत. त्या रात्री कुणी मला ‘झोप’ म्हणायचं नाही. हल्ली एक जण हॉलमध्ये, दुसरं आतल्या खोलीत मोबाइलवर. मला ते बरं नाही वाटत.

तर ऐका. रोज दोनच भाग. जेवण आणि गोळी आधी. दहाला टीव्ही बंद, तेव्हा हम्फ्री काहीही बोलत असो. आई, खालच्या गादीवर बसू नकोस, गुडघा धरतो. बाबांची आरामखुर्ची तू घे, त्यांना दिवाण चालतो. बाबा, चष्म्याचा नंबर या आठवड्यात तपासून या, पुढच्या नाही.

आणि हम्फ्रीचं इंग्रजी अडलं तर दादाला विचारू नका. त्यालाही कळत नाही. मला फोन करा.

तुमची,
छकुली