बाजाची पेटी माळ्यावरून काढून ठेवा

आई, बाबा,

फोनवर सांगायला गेलं की बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई मधेच जेवलीस का विचारते, म्हणून लिहायलेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

शनिवारी इथं संभाजीनगरला आमच्या कॉलनीत एका डॉक्टरांच्या हॉलमध्ये वादन होतं. विशी-बाविशीतली चार पोरं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, एक चेलो म्हणजे खुर्चीत बसून उभं धरून वाजवायचं त्याहून मोठं, स्टेज नाही माईक नाही, सोफे भिंतीला सरकवून आम्ही तीसेक जण सतरंजीवर. याला क्वार्टेट म्हणतात, चौकडी म्हणावं तर आपल्याकडं पुढं लगेच चांडाळ येतो.

सुरुवातीलाच गंमत झाली. चेलोच्या बुडाला लोखंडी टोक असतं ते जमिनीला टेकवून वाजवायचं, पण शाहबादी फरशीवर ते कुठलं टिकायला, पोरीनं गज लावला की वाद्य पुढं सटकायचं. शेवटी एकानं कमरेचा पट्टा काढून तिच्या खुर्चीच्या पायाला अडकवला आणि ते टोक पट्ट्याच्या भोकात बसवलं, मग जमलं! त्यात आपली कोरडी हवा, खुंट्या सैल पडायच्या, आवाज नको म्हणून कूलर बंद, सगळे घामाघूम.

आधी हायडन नावाच्या संगीतकाराचं वाजवलं, चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात, त्या माणसानं असले ६८ लिहिलेत म्हणे. ते ऐकताना खरं सांगू, मी घरी दूध तापवायचं राहिलं का तेच आठवत होते. पण नंतर द्वोर्झाक नावाच्या चेक संगीतकाराचं वाजवलं. हा माणूस न्यूयॉर्कला नोकरीला होता, १८९३ च्या उन्हाळ्यात सुट्टीला अमेरिकेतच आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात गेला, तिथं त्याच्याच मुलखातल्या लोकांची वस्ती, आणि पंधरा-सोळा दिवसांत हे लिहून मोकळा. व्हायोलावर पहिली ओळ आली आणि मी ताठच बसले. बाबा, भूपाचेच स्वर हो! पांढरी चारला सा धरा, म आणि नी सोडा, तेच. चाल भूपाची नाही, स्वर मात्र तेच पाच.

हात हलवून ताल दाखवणारा कुणी नसतो यांच्यात. पहिली व्हायोलिनवाली नाकानं जोरात श्वास घ्यायची की चौघं एकदम सुरू. तुम्ही भजनात पखवाजवाल्याला मान हलवून सम दाखवायचात ना, तसंच.

मधे दुसऱ्या व्हायोलिनचा पोरगा चुकला, जागाच सापडेना, कान लालबुंद झाले त्याचे. कुणी थांबलं नाही. व्हायोलावाली नुसती त्याच्याकडं वळली आणि जरा ठासून वाजवत राहिली, तो सापडेपर्यंत.

बाबा, त्या एकादशीला तुमचं बोट चुकलं तेव्हा मंडळातलं कुणी काही बोललं नव्हतं, मी तिथंच होते. हात थरथरतो म्हणून तुम्हीच पेटी माळ्यावर टाकलीत.

गुरुवारी पहाटेच्या देवगिरीनं परभणीला येतेय. भाता उंदरानं कुरतडला असला तर दुरुस्तीला टाकू, तोवर तुम्ही नुसते स्वर सांगा, मी म्हणते, बेसूर झालं तर आईनं हसायचं नाही. आणि आई, यांना शिडीवर चढू देऊ नकोस, शेजारच्या पोराला सांग.

तुमची
ताई