गल्लीच्या तैलचित्राला भेगा का पडतात?

महोदय,

धाब्याची घरे, ओटे, विजेच्या तारा अशी खान्देशातली साधी गल्ली तैलरंगात जरूर रंगवावी, पण घाई नको. पहिला थर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला. जवसाचे तेल वरच्या थरांतच वाढवावे. उलटे केले, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि रंग तडकतो. चित्र मे महिन्याच्या उन्हात वाळवू नये. जाड रंगावर साय धरून सुरकुत्या पडतात. व्हार्निश सहा महिन्यांनंतरच.

सावलीत नुसता काळा तर मुळीच नको! तापलेल्या मातीचा उजेड भिंतीवर चढतो, म्हणून तिथली सावली तांबूस. जमिनीवरची मात्र आकाशामुळे निळसर.

– एक चित्रकला शिक्षक, जळगाव