भेगेनं रॉकेट जातं

संपादक साहेब, यंदा आमच्या गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर दारूकाम बघत होतो, एक बाण वर जायच्या आधीच फाटकन फुटला. शेजारचे काका म्हणाले, "माल कच्चा!" पण रॉकेटच्या सॉलिड मोटरचंही तसंच असतं की. आतल्या घट्ट इंधनाला बारीक भेग असली की जळायची जागा वाढते, प्रेशर चढतं अन् केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, फुटतं, बरं एकदा पेटली की बंद करायची सोयच नाही. १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अशाच मोटरमध्ये तर जोडातली नुसती रबरी रिंग थंडीनं कडक झाली, जोडातून गरम गॅस बाहेर, सात जण गेले. २०२५ च्या मे मध्ये आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६१ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात, तोही सॉलिडच, प्रेशर उलट कमी झालं, उपग्रह गेला. पेपरात नुसतं 'तांत्रिक बिघाड' छापता राव, जरा आतलं पण सांगा ना.

– एक वाचक, सोलापूर