पाणी तर शांत होतं

अँगलसी, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया
१४ जानेवारी, संक्रांत

तीर्थरूप आई-बाबांस
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही. मला जे सांगायचंय ते अर्धवट कानावर पडलं तर उगाच जिवाला घोर लागेल, म्हणून पत्रच लिहिते आहे. आई, तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव. आधीच सांगते, मी ठणठणीत आहे.

दादाने जिलाँगहून अर्ध्या-पाऊण तासावर, समुद्राजवळ पंधरा दिवसांसाठी घर भाड्याने घेतलंय. आज वहिनीने तिळगूळ केला. आपल्याकडे थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून तीळ खायचे, आणि इथे दुपारी ३८ अंश! देशाच्या आतून येणारा उत्तरेचा वारा चुलीसमोर बसल्यासारखा तोंडावर येतो. अशा दिवशी उघड्यावर साधी काडी ओढायची नाही, सक्त बंदी असते. १९८३ च्या फेब्रुवारीत वणवा पेटला तेव्हा याच किनाऱ्यावरची शेकडो घरं जळून गेली होती. मग चारच्या सुमारास वारा फिरला, नैर्ऋत्येकडून समुद्रावरून यायला लागला, आणि अर्ध्या तासात मला तुझी शाल काढावी लागली, आई.

बाबा, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. भर दुपारी सावली दक्षिणेला पडते. अंधार व्हायला रात्रीचे नऊ वाजतात. तुम्ही खळ्यात बाजेवर झोपवून दाखवलेलं मृग इथेही दिसतं, पण पार उलटं, आणि व्याध त्याच्या वरच्या अंगाला. पहिल्या रात्री बराच वेळ मान वाकडी करून मी त्याला आपल्यासारखं सुलटं करायचा प्रयत्न करत होते. तुमची फार आठवण आली.

दादाने ग्रेट ओशन रोडवरची कमान दाखवली. तुमची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, म्हणून हे खास तुमच्यासाठी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी कडे फोडून हा रस्ता केला. जे सोबती परत आले नाहीत, त्यांचं स्मारक म्हणून. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. तुम्ही असतात तर गाडी दर मैलाला थांबवून गटारं आणि मोऱ्या बघितल्या असत्यात.

आता मुख्य गोष्ट.

इथे किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात. दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं, कारण जीवरक्षकांची नजर तिथे असते. शनिवार-रविवारी हे काम करणारे बहुतेक जण हौसेने येतात, पैसे घेत नाहीत. आपला सोन्या रविवारी सकाळी त्यांनीच चालवलेल्या लहान मुलांच्या वर्गाला जातो. निपर्स म्हणतात या पोरांना. पाच-सहा वर्षांची चिमुरडी गुलाबी बनियन घालून वाळूत धावतात, आणि पोहण्याआधी समुद्र ‘वाचायला’ शिकतात.

सोन्याने मला वाळूच्या टेकाडावर नेलं आणि विचारलं, “आत्या, तू कुठे उतरशील?” दोन्हीकडे लाटा फुटून पांढरा फेस होता. मधे एक पट्टा होता, चारेक खाटांइतका रुंद. पाणी जरा गडद, वर फेस नाही, लाट नाही. मी तिथे बोट दाखवलं. पोराने माझा हात धरून खाली केला. म्हणाला, “तिथेच तर जायचं नाही.”

लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, बाबा, आणि त्या पाण्याला परत जायला वाट लागते. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथे खिंडार असतं तिथून ते सगळं एकदम आत ओढलं जातं. तिथे खोल असतं, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून वरून शांत दिसतं. इथे त्याला रिप म्हणतात. तुम्ही ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणायचात, तीच ही.

एवढं कळूनही मी सापडलेच. झेंड्यांच्या मधे कमरेएवढ्या पाण्यात उभी होते, पण किनाऱ्याच्या कडेकडेने वाहणाऱ्या पाण्याने कधी बाजूला नेलं ते समजलंच नाही. वर बघितलं तर झेंडे लांब, आणि पायाला वाळू लागेना. मी विहिरीत शिकले तशी सगळा जोर लावून सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागले. हात भरून आले, किनारा होता तिथेच. मग सोन्याचे शब्द आठवले. झगडायचं नाही, पाठीवर तरंगायचं, एक हात वर करायचा. मी हात वर केला. पिवळा सदरा घातलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी फळीवर पालथी पडून वल्हवत आली. मला फळी धरायला लावली आणि आधी माझं नाव विचारलं. सगळं मिळून पाच मिनिटं झाली असतील. वाळूवर आल्यावर गुडघे लटलटत होते. वहिनीने पाठीवरून हात फिरवला तेव्हा रडू आलं.

बाबा, त्या मे महिन्यात आपल्या वाडीमागे मुंबईचा तो मुलगा गेला. तुम्ही रात्रभर बॅटरी घेऊन किनाऱ्यावर उभे होतात. मी आठवीत होते. तेव्हापासून तुम्ही पाण्यात उतरला नाहीत, आणि दर मे महिन्यात एकच म्हणता, “पाणी तर शांत होतं. मग पोहणारा मुलगा गेला कसा?”

मला वाटतं, पाणी तिथे शांत होतं म्हणूनच तो तिथे उतरला. तो सरळ किनाऱ्याकडे पोहत राहिला आणि दमला असणार. आपल्यातल्या कोणालाच हे ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही समुद्र नेतो. १७ डिसेंबर १९६७ ला या देशाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट इथून पूर्वेच्या चेव्हियट बीचवर उतरले, ते परत आलेच नाहीत. देहसुद्धा सापडला नाही. तुम्ही दोरी घेऊन आत शिरला असतात तर त्या रात्री आईला दोघांसाठी किनाऱ्यावर उभं राहावं लागलं असतं. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, पण धीर धरवला नाही.

मी २ फेब्रुवारीला मुंबईत उतरते, ३ तारखेला संध्याकाळपर्यंत गुहागर. दुसऱ्या दिवशी आपण सुरूच्या बनात तुमची खुर्ची नेऊ आणि लाटा कुठे फुटत नाहीत ते बघू. एकदा तुमच्या डोळ्यांना ओळखू यायला लागलं, की शाळेच्या मुलांना तिथेच बोलावून दाखवायचं माझ्या मनात आहे. हेडमास्तर तुमचा शब्द मोडणार नाहीत, तेवढं त्यांच्या कानावर आधी घालून ठेवा.

गुडघ्याचा पट्टा रोज लावत जा. आई, तुझी रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, विसरू नकोस. तिळगूळ डब्यात भरून ठेवलाय, तो घेऊनच येते.

तुमची,
मनू