पेठांच्या संघांनी पडद्यावरचा फुटबॉलही आपला मानावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेमच्या नादानं पोरं वाया चालल्याचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल त्यांनी लिहिलंय ते खरंच आहे. पण त्याच रांगेत त्यांनी प्लेस्टेशनवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनाही बसवलं, ते मात्र पटलं नाही. माझा मुलगा या खेळात व्यावसायिक खेळाडू व्हायचं म्हणून मेहनत घेतोय, म्हणून हे पत्र.

जुगार आणि खेळ यांतला फरक आता सरकारनंही केलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे आला होता. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकं ठेवली गेली आणि फुटबॉलच्या गेममध्ये भारताकडून चरणजोत सिंग आणि करमन सिंग टिक्का उतरले. देशाची जर्सी घालून खेळलेल्या या पोरांना वाया गेलेली म्हणायचं का?

आमचं घर मंगळवार पेठेतलं. मुलाचे वडील पेठेच्या संघात बचावाला, स्टॉपरला खेळायचे, शाहू स्टेडियमच्या मातीत त्यांचे गुडघे गेले. सुरुवातीला ते या गेमकडे ढुंकूनही बघत नव्हते. एका रात्री मुलगा हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग लावून बसला होता, एकच गोल पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघत होता. पडद्यावर एका वेळी एकच खेळाडू तुमच्या हातात असतो, बचावात कंट्रोलरचं एल-वन बटण दाबून तो बदलायचा असतो. यानं घाईनं बटण दाबलं, सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, जागा सोडून बॉलवर धावला आणि मागची मोकळी जागा समोरच्यानं बरोबर हेरली. मागं उभं राहून बघणारे हे पटकन बोलले, “बॉलकडं काय बघतोस, माणूस धर की!” तेव्हापासून रोज जेवणं झाली की बापलेक शेजारी बसतात. सेंटर बॅकला हात लावायचा नाही, मिडफिल्डर मागं आणून वाट अडवायची, हे त्यांनीच शिकवलं. मॅच बारा मिनिटांत संपते, पण तेवढ्यात पोराच्या तळहाताला घाम सुटलेला असतो.

या खेळाचा पहिला जागतिक विजेता २००४ मध्ये ठरला, म्हणजे हे खूळ कालपरवाचं नाही. २०१९ मध्ये लंडनला मोहम्मद हरकूस हा जर्मन मुलगा जगज्जेता झाला, बक्षीस अडीच लाख डॉलर. पण मला त्या रकमेपेक्षा त्याच्या अंगावरची जर्सी महत्त्वाची वाटते. तो वेर्डर ब्रेमेनचा खेळाडू होता, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या, खऱ्या फुटबॉल क्लबचा. वोल्फ्सबुर्ग, शाल्के, मँचेस्टर सिटी, आयाक्स या क्लबांनीही असे खेळाडू करारावर घेतले. आपल्याकडे इंडियन सुपर लीगनं २०२१ मध्ये क्लबांसाठी अशी स्पर्धा सुरू केली.

डोळे झाकून पोराला यात ढकला, असं मी म्हणत नाही. मैदानावरचा फुटबॉल कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, हा गेम मात्र एका कंपनीच्या मालकीचा आहे. दरवर्षी नवी आवृत्ती येते, जुनी हातोटी निम्मी बाद होते आणि संघ पुन्हा शून्यातून बांधावा लागतो. गेम बनवणारी कंपनी ईए आणि फुटबॉलची जागतिक संघटना फिफा यांचा करार संपला तेव्हा गेमचं नावसुद्धा बदललं. पगार मिळतो तो वरच्या मोजक्या लोकांना. गेममधल्या खेळाडूंचे पॅक विकत घ्यायला पोरं पैसे मागतात, त्यात काय निघेल ते नशिबावर असतं, तिथं आईबापांनी हात आखडताच ठेवावा. आमच्या घरात डिप्लोमा सुटला की कंट्रोलर कपाटात, हे ठरलेलं आहे. पण एवढी जोखीम तर मैदानावरच्या पोरांनीही घेतलीच की. ‘फुटबॉल खेळून काय पोट भरतंय?’ हे कोल्हापुरात घरोघरी ऐकलंय आणि याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला.

आपल्या पोरांना अडतंय ते समोरासमोर खेळायला जागा नाही म्हणून. घरी नेटवर खेळताना पिंग, म्हणजे नेटवरून सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, वाढला की बटण दाबल्यावर क्षणभरानं पास जातो आणि तेवढ्यात मॅच हातची जाते. वायफायचा भरवसा नाही म्हणून आम्ही केबल ओढून घेतली, तरी संध्याकाळी हीच रड. मोठ्या स्पर्धेत दोघं एका मंचावर बसतात, पुढ्यात प्रेक्षक ओरडत असतात. तो दाब अंगावर घ्यायची सवय घरातल्या खोलीत कशी लागणार?

म्हणून पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब आणि सगळ्याच संघांना, तसंच केएसएला, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला, माझी विनंती आहे. पावसाळ्यात मैदान बंद असतं. त्या दिवसांत एखाद्या हॉलमध्ये पेठापेठांची व्हिडिओ फुटबॉल स्पर्धा घ्या. प्रत्येक संघानं दोन पोरं आपल्या नावानं उतरवावीत. प्रवेश फी नको आणि पैज लावताना सापडेल तो बाहेर. संघाचं नाव पाठीशी असलं की पोरगं शिस्तीत राहतं, त्याच्यावर वडीलधाऱ्यांची नजर राहते, हे आपल्या तालमींनी वर्षानुवर्षं दाखवलंय. आणि ईर्ष्येनं बघायला येणाऱ्या प्रेक्षकांची तर आपल्याकडे वाण नाही.

माझं जर्सीवर नावं-नंबर छापायचं छोटं दुकान आहे. पहिल्या वर्षी सगळ्या संघांच्या या खेळाडूंच्या जर्सी मी फुकट छापून देईन. कुणी तरी पुढाकार घ्यावा.

आपली,
एका खेळाडूची आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर